निघाल्यात जमा

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.३०

आजपासून रोजनिशी. निश्चय तीन. एक, फोनवर ओरडायचं नाही. दोन, दिवसाला चारच चहा. तीन, दिलेला शब्द पाळायचा. तिसरा निश्चय खरं तर मला लागू नाही, पण पहिल्या पानावर दोनच निश्चय बरे दिसत नाहीत.

संध्याकाळी ६.४५

वाचणारा मी एकटाच आहे, तरी सुरुवात रीतसर करावी. मी मालगाड्यांच्या लाईनीवर पॉवर कंट्रोलर. आमच्यात पॉवर म्हणजे इंजिनं. कुठल्या गाडीला कुठलं इंजिन लागणार हे मी टेबलावरून ठरवतो. एकवीस वर्षं. ड्रायव्हर मंडळी मागून म्हणतात की मी उंटावरून शेळ्या हाकतो. उंटावरूनच कळप नीट दिसतो, हे त्यांना कोण सांगणार.

सध्या पॉवरची टंचाई. कागदावर इंजिनं अठरा, धावतात अकरा. उरलेली शेडमध्ये सिक. नादुरुस्त इंजिनाला आमच्याकडे सिक म्हणतात.

आजची मोठी गोष्ट म्हणजे काच कारखान्याचं तेल. भरलेले चाळीस टँकर बंदराच्या यार्डात उभे, ओढायला इंजिन नाही. वाटेत मोठा चढ आहे, तिथे तीन इंजिनं तरी हवीत. कारखान्याच्या टाकीत दहा दिवसांचं तेल. काचेची भट्टी विझू देऊन चालत नाही. एकदा थंड पडली की आतली काच दगड होऊन बसते, विटा फुटतात आणि नवी भट्टी बांधायला वर्ष जातं. तेवढे दिवस तीनशे माणसं घरी. त्यातली दोन माझ्याच घरी: धाकटा भाऊ भट्टीवर आहे, त्याची बायको पॅकिंगला. दोघं आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.

चहाला धाकटा आला होता. विचारलं, दादा, तेलाची गाडी कधी? मी म्हणालो, परवा बुधवारी दारात. निघाल्यात जमा आहे. तो बरं म्हणाला, चपला घातल्या आणि परत कारखान्यात गेला. शिफ्ट तर संपली होती. कामाची आवड चांगली, पण त्याला घरात म्हणून बसवत नाही.

चहा: सात. उद्यापासून चार.

४ मार्च, मंगळवार. दुपारी २

इंजिनं उसनी घ्यायचं ठरवलं. शेजारच्या लाईनीच्या पॉवर कंट्रोलर बाईंना फोन केला. अकरा वर्षं फोनवर बोलतोय, तोंड कधी पाहिलेलं नाही. मी त्यांना मनात शेजारीणबाई म्हणतो. उष्ट्या हाताने कावळा हाकायच्या नाहीत, पण बोलायला गोड.

उसनवारीचा रिवाज असा. मागणाऱ्याने दुप्पट मागायची, देणाऱ्याने निम्मी द्यायची, आणि देताना गोठ्यातली भाकड आधी सोडायची. मी आठ मागितली. त्या म्हणाल्या चार देते, शुक्रवारी पोचतील. मला तीनच हवी होती. म्हणजे एका इंजिनाने मी त्यांना फसवलं.

शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्याकडे खरंच एकही मोकळं नाही ना? मी म्हणालो, शपथेवर सांगतो, नाही.

आता ही वही माझी आहे म्हणून लिहितो. आमच्या अठरांपैकी सतरा नंबर शेडच्या मागे उभा आहे. ठणठणीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः त्याला रजिस्टरात सिक लिहिलं. बरं दाखवलं की हेड ऑफिस उचलून दुसरीकडे पाठवतं, मग खरी अडचण आली की आपण हात चोळत बसायचं. शहाण्या माणसाने एक इंजिन गाठीला ठेवावं. हे फक्त मला आणि शेडच्या फोरमनला ठाऊक आहे.

मग तो आत्ताच का काढत नाही? कारण खरी अडचण अजून आलेली नाही.

५ मार्च, बुधवार. रात्री ८

गाडी आज यायची होती. ती आली नाही असं काही लोक म्हणतील. मी बुधवार म्हणालो तो सोमवारच्या परिस्थितीला धरून. परिस्थिती बदलली, शब्द होता तिथेच आहे.

धाकट्याला जिन्यात गाठून सांगितलं, शुक्रवार. इंजिनं उसनी मिळाली आहेत. त्याने मान हलवली. चेहरा ओढलेला दिसला. म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. त्यावर तो म्हणाला, हो, तेच.

बायकोला फोरमनविषयी सांगितलं की हा माणूस सतत नन्नाचा पाढा लावतो, म्हणून शेडमध्ये सगळे त्याला नकारघंटा म्हणतात. ती म्हणाली, निदान घंटा वेळेवर तरी वाजते. हिला रेल्वेतलं काही कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५

चारही इंजिनं आली! मी स्वतः यार्डात उतरलो. रंग पिवळा, म्हणजे कधीकाळी पिवळा असावा. एकाचा भोंगा वाजला की थांबत नाही, बाहेरून लाकडी पाचर ठोकावी लागते. एकात ड्रायव्हरच्या खुर्चीऐवजी स्वयंपाकघरातलं स्टूल. तिसऱ्याला खालून तेलाची धार. चौथं दिसायला बरं. मी सही करून ताब्यात घेतली. नकारघंटा म्हणाला, साहेब, सहीच्या आधी आत तर बघा. मी म्हटलं, दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत.

संध्याकाळी ७

दात मोजायला हवे होते. आमच्या लाईनीवर पुढच्या इंजिनात सिग्नलचा डबा लागतो. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लाल-हिरवा दिवा दाखवणारा डबा. तो नसेल तर त्या इंजिनाने पुढे धावायचं नाही, दुसऱ्याच्या मागे लागून जोर लावायचा. या चारांपैकी एकातही डबा नाही. थोडक्यात, माझ्याकडे चार अनुयायी आहेत आणि नेता नाही.

नियम कुठला म्हणून सर्क्युलर काढून पाहिलं. सहा वर्षांपूर्वीचं. खाली सही माझी. मसुदा फार सुरेख आहे. असं मराठी हल्ली कोणी लिहीत नाही.

८ मार्च, शनिवार. दुपारी १२.३०

आमची अकराच्या अकरा इंजिनं सिमेंटच्या गाड्यांना. मोठ्या साहेबांना फोन करून पुढे लावायला एक मागितलं. म्हणाले, सिमेंटला हात लावायचा नाही, तेल तुम्ही उसन्या पॉवरवर आणतो म्हणाला होतात. मग मध्येच विचारलं, तो तुमचा सतरा नंबर कसा आहे? मी म्हटलं, आहे तसाच, अजून अंगात ताप आहे.

तिढा सुटेलच. तोपर्यंत कारखान्यात घबराट नको म्हणून मी आपणहून मॅनेजरला फोन केला. ठणकावून सांगितलं, भट्टीची आच कमी करू नका, काम थांबवू नका, सोमवारी दहा तारखेला गाडी तुमच्या दारात. निघाल्यात जमा. तो म्हणाला, बरं साहेब, लिहून घेतो. आवाजात आदर होता.

माझ्या शब्दावर तीनशे माणसांची भट्टी पेटती आहे हे लक्षात येऊन छाती भरून आली.

९ मार्च, रविवार. दुपारी ४

छाती अजून भरलेलीच आहे, पण आता ती वेगळ्या कारणाने असावी. आच पूर्ण ठेवली तर तेल गुरुवारी संपतं. हे मी शनिवारी फोन करण्याआधी मोजायला हवं होतं असं नाही, पण मोजलं असतं तर बरं झालं असतं.

जेवताना बायकोने सरळ विचारलं, खरं सांगा, गाडी आहे कुठे? मी म्हटलं, वाटेवर. ती म्हणाली, कुठल्या वाटेवर? मी म्हटलं, यार्डातून निघाली की सगळी वाटच असते. ती ताट उचलून आत गेली. तिथून म्हणाली, वरची जाऊ चार दिवस नीट जेवलेली नाही. भट्टी गेली तर दोघांनी काय करायचं, ते तुम्ही त्या दोघांना समोर बसवून सांगा.

मला राग आला. मग राग गेला.

ठरलं. उद्या सतरा नंबर बाहेर काढायचा. मोठे साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. खरी अडचण आलेली आहे. याच दिवसासाठी मी दोन वर्षं त्याला जपला. पुढे सतरा, मागे हे चार पिवळे. काखेत कळसा होता, आता गावाला वळसा नाही.

१० मार्च, सोमवार. सकाळी १०.१५

शेडमध्ये जाऊन आलो.

नकारघंटाला म्हटलं, सतरा नंबर चालू करा. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, लेखी देतो. तो म्हणाला, लेखी दिलं म्हणून चालू होईल का साहेब, आत चला. आत नेऊन बॅटरीने उजेड पाडला. बाहेरून इंजिन नवंकोरं, आतून रिकामं कपाट. ब्रेकचा कॉम्प्रेसर गेल्या पावसाळ्यात तीन नंबरला बसवला. बॅटऱ्या आठ नंबरला. सहापैकी चार मोटरी काढल्या. खुर्चीसुद्धा नाही. मी ओरडलो, चांगलं धडधाकट इंजिन तुम्ही खाल्लंत! तो शांतपणे म्हणाला, रजिस्टरात सिक आहे. सिक इंजिनाचे भाग काढायचे, चालत्याचे काढायचे नाहीत, हा नियम. सिक कोणी लिहिलं? अकरा गाड्या दोन वर्षं कशावर धावतायत असं वाटलं तुम्हाला?

मी म्हटलं, मला विचारायचं तरी. तो म्हणाला, दर वेळी विचारलं. तुम्ही म्हणायचात, बघू.

पहिला निश्चय मोडला. तो मात्र ओरडला नाही, म्हणून मला जास्त राग आला.

दुपारी ३

धाकट्याचा फोन. आज दहा तारीख दादा. मी म्हटलं, बुधवार, बारा. या वेळी पक्कं. त्याने कारण विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ९

मार्ग सापडला! आंघोळ करताना सुचला. सतरा नंबरमधलं सगळं गेलं, पण सिग्नलचा डबा अजून भिंतीवर आहे. तो काढायचा आणि दिसायला बऱ्या असलेल्या पिवळ्या इंजिनात बसवायचा. झाला नेता तयार. एकवीस वर्षांचा अनुभव म्हणजे हाच.

सकाळी ११

नकारघंटा म्हणाला, नाही. डबा बसवायला पत्र्याला भोकं पाडावी लागतात, आणि पत्रा शेजाऱ्यांचा.

शेजारीणबाईंना फोन केला. अतिशय मुद्देसूद बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, डबा कुठून आणलात? मी म्हटलं, आमच्या सतरा नंबरमधून. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे तर एकही मोकळं नव्हतं. शपथेवर. मी खोकलो. बराच वेळ खोकलो. खोकला संपल्यावरही त्या तिथेच होत्या.

मग म्हणाल्या, काच कारखाना ना? बंद पडला तर तुमच्या घरचं कोणी आहे का तिथे? मी म्हटलं, धाकटा भाऊ. त्या म्हणाल्या, हे आठ दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर मी डब्यासकट चांगलं इंजिन दिलं असतं. तुम्ही आठ मागितलीत, म्हणून मला वाटलं नेहमीचंच चाललंय.

परवानगीचं पत्र उद्या पाठवते म्हणाल्या. अटी दोन. भोकं नंतर बुजवून द्यायची, आणि त्यांचा जुना ड्रायव्हर सोबत येणार, कारण त्यांच्या इंजिनाचे चालवायचे दांडे आमच्याहून उलटे फिरतात.

फोन ठेवल्यावर काहीच करावंसं वाटलं नाही. सहावा चहा घेतला.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६

पत्र साडेअकराला आलं. डबा दोनला बसला. दिवा लागेना. त्यांचं वायरिंग वेगळं. नकारघंटा पाठीवर झोपून चार तास इंजिनाखाली आहे. एकदा म्हणाला, पाना द्या. मी दिला. चुकीचा होता.

सकाळी मागच्या दाराने बाहेर पडलो. धाकटा पुढच्या ओट्यावर बूट घालत होता, आणि आज बारा तारीख. स्वतःच्या घरातून चोरासारखा निघालो. बायकोकडून निरोप पाठवला, शुक्रवार, चौदा, नक्की. ती म्हणाली, नक्की हा शब्द मी नाही सांगणार, तेवढा तुमचा तुम्ही सांगा.

ऑफिसच्या गच्चीवरून कारखान्याचं धुराडं दिसतं. धूर अगदी बारीक. एरवी काळा लोट असतो. तेल संपत आलं असणार. मीच म्हणालो होतो आच कमी करू नका. कोणीही विचारलेलं नसताना म्हणालो होतो.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी १

आज तेल संपायचं.

मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. फोन चारदा वाजला, चारही वेळा सिमेंट.

दुपारी ४.२०

दिवा लागला! हिरवा! नकारघंटाचं तोंड काळं झालेलं, पण हसत होता. मी त्याला मिठी मारणार होतो, पण तो म्हणाला, नाही, कपडे खराब होतील.

पाच वाजता चारही इंजिनं बंदराकडे सोडतो आहे. मी स्वतः सोबत जाणार. मोठ्या साहेबांना कळवलं. म्हणाले, तुम्ही तिथे जाऊन काय करणार? प्रामाणिक उत्तर नव्हतं, म्हणून रेंज गेल्यासारखं केलं.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.५०. इंजिनात, स्टुलावर बसून

निघालो! चाळीस टँकर, चार इंजिनं. पुढच्या इंजिनात दांड्यावर त्यांचा जुना ड्रायव्हर, त्यांना सगळे काका म्हणतात. शेजारी सिग्नल ओळखायला आमचा ड्रायव्हर. मी रांगेतल्या तिसऱ्या, स्टूलवाल्या इंजिनात. पुढे खुर्च्या दोनच आहेत. एकवीस वर्षांत पहिल्यांदा आपली गाडी आतून पाहतोय. फार आवाज होतो.

हिशेबाने चारला पोचतो. चौदा म्हणालो, चौदा. लोकांनी काही म्हणावं.

दुपारी ३.०५

चढावर उभे आहोत.

माझंच इंजिन बंद पडलं. आधी खोकलं, मग गप्प. काका पुढून चालत आले, बाहेरूनच एक थाप मारली आणि म्हणाले, हे चढावर झोपतंच. आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. सपाटीला लावतो आम्ही याला. तुम्ही घेताना विचारलं नाहीत? मी म्हटलं, चार मिळाली यातच समाधान मानलं. ते म्हणाले, मग समाधान बसलंय की आता चढावर.

उरलेली तीन इंजिनं पुरायला हवी होती, पण धार लागलेल्याचं तेल गळून जोर निम्मा झाला आहे. गाडी आता दोन तुकड्यांत न्यायची. वीस टँकर आधी वर नेऊन ठेवायचे, मग रिकाम्या इंजिनांनी खाली येऊन उरलेले वीस. वर पोचायला रात्र होईल, कारखान्याला उद्या सकाळ.

दुपारी ३.४०

इथे रेंज आहे. धाकट्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मॅनेजरचा कोणी उचलत नाही.

भट्टी गेली. दुसरं काय असणार? तेल काल संपलं. आत्ता सगळी माणसं भट्टीभोवती उभी असतील, कोणी कोणाशी बोलत नसेल. धाकटा बावीस वर्षांचा असताना त्या भट्टीवर लागला. मीच चिठ्ठी दिली होती. म्हणालो होतो, तुझं काम झाल्यात जमा आहे. तेव्हाही चार महिने लागले.

ब्रेकमन दगड घेऊन चाकांखाली लावतोय. मी उतरून दगड आणून दिले. दुसरं मला इथे काही येत नाही. भीती वाटते आहे. मोठी गोष्ट नाही, लिहिलं तर कोणाला कळणार आहे. फार भीती वाटते आहे.

१५ मार्च, शनिवार. दुपारी १२

सकाळी नऊ चाळीसला कारखान्याच्या फाटकात शिरलो. पाचरवाल्या इंजिनाचा भोंगा नेमका तेव्हाच अडकला, त्यामुळे आम्ही वाजतगाजत आलो. मी मात्र मान खाली घालून उतरलो. काय बोलायचं ते चढावरच पाठ केलं होतं: चूक माझी, भट्टी माझ्या शब्दामुळे गेली, तुम्ही म्हणाल ती शिक्षा.

मॅनेजर समोरून आला. हात पुढे केला. म्हणाला, वा साहेब, अगदी वेळेवर.

मला वाटलं टोमणा आहे. मी पाठ केलेलं सुरू केलं. तो म्हणाला, भट्टीला काय झालंय? चला की, बघा. आत नेलं. भट्टी पेटलेली. मंद, पण पेटलेली. झरोक्यातून आतली काच दिसत होती, लालबुंद, हलणारी. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं आणि मी बसलो. कोणीतरी पाणी आणून दिलं.

मी विचारलं, तेल तर परवाच संपलं असणार? मॅनेजर म्हणाला, छे, उद्या सकाळपर्यंत आहे. आच आम्ही तीन तारखेलाच उतरवली, तुमच्या भावाने सांगितलं म्हणून. मी म्हटलं, पण मी तर फोन करून... तो म्हणाला, हो, तुमचा फोन आला होता. लिहून घेतलाय ना.

लिहून घेतलेलं मागच्या भिंतीवर होतं. खडूचा फळा. वर अक्षर धाकट्याचं, ते मी कुठेही ओळखीन. डाव्या बाजूला लिहिलेलं: दादाचा शब्द. त्याखाली तारखा. पाच, खोडलेली. सात, खोडलेली. दहा, खोडलेली. बारा, खोडलेली. चौदा, खोडलेली. उजव्या बाजूला लिहिलेलं: गाडी येणार. त्याखाली एकच तारीख. पंधरा. खाली बारीक अक्षरात, फळा लिहिला तो दिवस: तीन मार्च, संध्याकाळ.

पंधरा कुठेच खोडलेली नव्हती. कडेने खडू थोडा पुसट झाला होता इतकंच.

धाकटा पलीकडच्या बाकावर झोपला होता. रात्रभर मंद आचेवर भट्टी राखली होती, फोन उशाशी बंद. काल दिवसाही तो झोपलेलाच होता म्हणे, फोन बंद करून, रात्रपाळीसाठी. मी हाक मारल्यावर उठला. म्हणाला, आलास दादा? चढावर अडकलात का? मी म्हटलं, तू पंधरा कशी काढलीस? तो डोळे चोळत म्हणाला, तू परवा म्हणालास, त्यात दहा मिळवले. इंजिनांची टंचाई असली की दहा, नसली की पाच. मी म्हटलं, मग रोज मला विचारत का होतास? तो म्हणाला, न विचारलं तर तुला वाईट वाटलं असतं. आणि एखाद्या वेळी खरं निघालं असतं तर हवंच होतं की रे.

मग हसून म्हणाला, लहानपणी शाळेच्या फाटकात थांब, आलोच, म्हणायचास. मी आधी डबा खाऊन घ्यायचो आणि मग थांबायचो. पण यायचास तू. आला नाहीस असं कधी झालं नाही.

हे तो चांगलं म्हणून सांगत होता. मला रडू आलं. भट्टीजवळ घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे निभावलं.

दुपारी २.३०

तिथूनच बायकोला फोन केला होता. भट्टी वाचली, धाकटा बरा आहे, मी एक वाजता जेवायला घरी येतो. ती म्हणाली, बरं. या वेळी मी ठरवलंच होतं. कोणाशी बोललो नाही, वाटेत ऑफिसात शिरलो नाही, चहासुद्धा घेतला नाही. एकला दोन मिनिटं कमी असताना दार वाजवलं.

तिने दार उघडलं आणि घाबरली. म्हणाली, काय झालं, बरं नाही का? मी म्हटलं, एक वाजला, जेवायला आलो. ती घड्याळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, तुम्ही एक म्हणालात, म्हणून मी तीनचं धरलं. अजून भाजीसुद्धा चिरलेली नाही.

तिला म्हटलं, असू दे. ती आत चिरते आहे. मी बाहेर ही वही घेऊन बसलो आहे. भूक फार लागली आहे.

दुपारी ३.१०

बरोबर तीनला वाढलं.